टाळेबंदीचे निळे आकाश आणि त्याचा हिशेब

१/
एप्रिल २०२०. पंजाबातील जालंधरचे रहिवासी सकाळी गच्चीवर गेले, तर क्षितिजावर धौलाधारची हिमाच्छादित रांग उभी! अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. तरुण पिढीने आपल्या शहरातून हे दृश्य कधी पाहिलेच नव्हते. डोंगर तेथेच होता, मधला धुराचा पडदा तेवढा सरला होता. तो कसा सरला आणि कसा परतला, याची ही हकीकत. #थ्रेड

२/
२५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. मोटारी, बांधकामे आणि बहुतेक कारखाने एकाच वेळी थांबले. विजेची मागणी घटल्याने कोळशावरील वीजकेंद्रेही मंदावली. एवढा मोठा प्रयोग मुद्दाम करण्याची परवानगी कोणत्याही शास्त्रज्ञाला मिळाली नसती.

३/
दिल्लीत पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर शिरणाऱ्या सूक्ष्म कणांचे प्रमाण, आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले. नायट्रोजन डायऑक्साइडही झपाट्याने घटला. शहरांत हा वायू मुख्यतः वाहनांच्या इंजिनांमुळे वाढतो आणि हवेत काही तासच टिकतो. त्यामुळे रस्ते ओस पडताच त्याचा परिणाम दिसला.

४/
मात्र सर्वच प्रदूषके घटली नाहीत. जमिनीलगतचा ओझोन धुराड्यातून निघत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सेंद्रिय बाष्पे यांच्यापासून तो उन्हात तयार होतो. इंजिनातून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड त्याला नष्टही करतो. हा वायू कमी झाल्याने अनेक शहरांत ओझोन घटला नाही, काही ठिकाणी तर वाढला.

५/
चीननेही असाच धडा घेतला होता. २३ जानेवारीला वूहान बंद झाले आणि उपग्रहांच्या नकाशांवरील नायट्रोजन डायऑक्साइडचे डाग फिके पडले. तरीही फेब्रुवारीत बीजिंगवर दाट धुरके पसरले. मंद वारा, दमट हवा आणि उरलेल्या वायूंपासून हवेतच तयार होणारे कण, अशी त्यामागची कारणे होती.

६/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उत्तर भारतातील हवा वसंतात हिवाळ्यापेक्षा स्वच्छच असते, आणि त्या मार्चमध्ये पाऊसही झाला होता. पुढे संशोधकांनी हवामानाचा वाटा वजा केला, तेव्हा घट खरी ठरली, पण पहिल्या बातम्यांत दिसली तेवढी मोठी नव्हती.

७/
आणि या निळाईचे मोल कोणी दिले? ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, चालून थकल्यामुळे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली ठार झाले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसे मध्य प्रदेशातील आपल्या गावी निघाली होती. शहराच्या धुरात ज्यांच्या मोटारीचा वाटा नव्हता, त्यांच्याच वाट्याला ही पायपीट आली.

८/
टाळेबंदी शिथिल झाली आणि वाहने परतली. शरदात पंजाब-हरियाणात भाताचे काड जळू लागले. १४ नोव्हेंबरला दिवाळी होती. फटाक्यांवर बंदी असूनही त्या दिवशी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० पार करून ‘गंभीर’ श्रेणीत गेला. एप्रिलचे आकाश आठ महिनेही टिकले नाही.

९/
त्याच काळातील एक घटना मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज-६’ ही मानके देशभर लागू झाली. इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. निर्णय २०१६ चा, मधला पाचवा टप्पा वगळून घेतलेला. त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही, पण टाळेबंदी उठल्यावरही टिकला तो हाच बदल.

१०/
धौलाधारच्या दर्शनाने एवढे निश्चित सिद्ध केले की पडद्याचा मोठा भाग मानवनिर्मित आहे, आणि तो हटू शकतो. मजुराची चूल न विझवता तो हटवायचा, तर इंधन, वीजकेंद्रे, शेती आणि सार्वजनिक वाहतूक यांत वर्षानुवर्षे काम करावे लागेल.

आपल्या गावातून त्या एप्रिलमध्ये काय दिसले होते, ते अवश्य लिहावे.