राखाडी शाई, तीन कागद आणि बोरूची साक्ष

मोडीच्या भागानंतर एक प्रश्न सारखा येत होता: घरातल्या जुन्या कागदावर एकाच ओळीत काही अक्षरं काळीभोर आणि काही राखाडी का दिसतात? शाई उडाली का? आजचा भाग त्यावरच.

आपण बसलोय टाकवे बुद्रुकला, कान्हे स्टेशनवरून आत, आंदर मावळात. पत्र्यावर पाऊस वाजतोय, तो आवाज तुम्हाला ऐकू येईलच. समोर फाउंटन पेन, राखाडी शाई आणि तीन कागद: शाळेची वही, हातकागद आणि गुळगुळीत कॅलेंडरची पाठ.

वहीवर रेघेला बारीक केस फुटले. पावसाळ्यात कागद ओल धरतो, मग हे जास्तच होतं. हातकागदाने शाई टिपकागदासारखी पिऊन टाकली. कॅलेंडरवर मात्र ती वरच राहिली. वाळायला वेळ लागला, पण रेघ सुरू होते तिथे फिकट आणि थांबते तिथे गडद, असं स्पष्ट दिसलं. मग हातकागदावर पाण्याचा थेंब टाकला. राखाडीतून निळसर आणि जांभळट कडा वेगळ्या झाल्या. म्हणजे हा राखाडी एक रंग नव्हताच, पाण्यात विरघळलेले दोन-तीन रंग होते.

आता पेशवाईतल्या कारकुनाकडे या. त्याच्या हातात बोरू, शेजारी दौत. शाई काजळी आणि डिंकाची. कागद बहुधा जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा. पुण्यातही कसब्यात कागदीपुरा होताच. हा कागद खळ लावून, दगडाने घोटून गुळगुळीत केलेला असे, म्हणून शाई आत शिरत नसे. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिलाय. त्यात बोरू, शाई, कागद, घोटणी सगळं येतं. लिहिणं तेव्हा किती गांभीर्याने घेत, ते यावरून कळतं.

कारकून आधी आडवी रेघ ओढायचा, मग तिला अक्षरं लटकवत जायचा. बोरूत शाई मावते थोडी. बुडवला की पहिली अक्षरं काळी, मग हळूहळू राखाडी, पुन्हा बुडवला की पुन्हा काळी. तर मंडळी, तुमच्या कागदावरची शाई उडालेली नाही. तो बोरूचा श्वास आहे.

आणि याचा उपयोग होतो. वतनाच्या भांडणात खोटे कागद पुढे यायचे, खऱ्या कागदात मागून शब्द घुसवले जायचे. काळ्या-राखाडीची ही लय मध्येच एखाद्या नावापाशी किंवा आकड्यापाशी तुटली, तर अभ्यासक तिथे थांबतो. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, पण शंका घ्यायला जागा मिळते.

काजळी म्हणजे कार्बन. उजेडाने तो उडत नाही, म्हणून पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल आजही वाचता येतात. पण डिंक पाण्यात सुटतो. म्हणून जुना कागद ओल्या फडक्याने पुसू नका. शाईसकट पणजोबा पुसले जातील.

मग आपण बदललो कधी? फाउंटन पेन आलं आणि काजळीची शाई मागे पडली, कारण काजळीचे कण निबेत अडकतात. तिथे विरघळणारे रंग लागतात. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, तोच पुढे कॅम्लिन झाला. पुण्यात गांधीजींच्या प्रेरणेने 1940 साली हातकागद संस्था उभी राहिली. शाईही स्वदेशी, कागदही स्वदेशी. पण पेनातली साधी शाई पाण्याला आणि उन्हाला टिकत नाही, हे आपण विसरलो. आजोबांचं 1950 चं पत्र फिकट, आणि त्यांच्या पणजोबांचं ठसठशीत, असं बऱ्याच घरांत दिसतं ते यामुळे.

मावळात पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. तेव्हा घरातले कागद लॅमिनेट करू नका. कोरड्या दिवशी फोटो काढा, सुती कापडात बांधा, भिंतीपासून लांब ठेवा. कोणाचा कागद आहे ते वेष्टणावर लिहा, आणि शिसपेन्सिलीने लिहा. पेन्सिलीतलं शिसं म्हणजेही कार्बन. रंग राखाडीच, पण पाण्याच्या थेंबाने न फुटणारा.

पुढच्या भागात रुमाल सोडून बघू. तोवर नमस्कार.