हुडीवरील बंदी आणि सभ्य समाजाची भीती

मे २००५ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यातील ब्लूवॉटर या खरेदी-केंद्राने ग्राहकांसाठी एक आचारसंहिता जाहीर केली. चुनखडीच्या जुन्या खाणीत उभारलेले आणि १९९९ साली खुले झालेले हे तीनशेहून अधिक दुकानांचे केंद्र देशातील सर्वांत मोठ्या मॉलपैकी एक. आचारसंहितेत शिवीगाळ, धूम्रपान, परवानगीविना पत्रके वाटणे, घोळक्याने फिरून इतरांना धाक घालणे यांना मनाई होती. या सगळ्या कृती होत. यादीतील एक बाब मात्र वेगळ्या जातीची होती : चेहरा मुद्दाम झाकणारे कपडे, उदाहरणार्थ, हुडी आणि बेसबॉल कॅप. तेथे माणसाने काय केले याची चौकशी संपते आणि तो कसा दिसतो याची सुरू होते. विशेष असे की, ब्लूवॉटरमधील दुकानांतून हुडी आणि टोप्या पूर्वीसारख्याच विकल्या जात राहिल्या. विकत घ्यायला हरकत नव्हती. डोक्यावर ओढून तिथेच हिंडायला होती.

या निर्णयाला मिळालेला राजकीय प्रतिसाद बोलका होता. ५ मे रोजी झालेल्या निवडणुकीत मजूर पक्ष तिसऱ्यांदा सत्तेवर आला होता आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी समाजात 'परस्परांविषयीचा आदर' पुन्हा रुजवण्याची भाषा सुरू केली होती. त्यांनी बंदीला जाहीर पाठिंबा दिला. उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी महामार्गावरील एका थांब्यावर हुडीधारी तरुणांच्या टोळक्याशी झालेला आपला सामना सांगून तिचे समर्थन केले. बंदीनंतर ग्राहकांची गर्दी वाढल्याच्या बातम्याही झळकल्या. दुसऱ्या बाजूने, लेडी सॉव्हरिन या तरुण रॅप गायिकेने त्याच वर्षी हुडीच्या बचावाची मोहीम चालवली आणि त्याच नावाचे गाणे काढले. एका सुती कपड्यावरून देश दोन तटांत विभागला गेला.

कपडा तसा निरुपद्रवी. १९३० च्या दशकात अमेरिकेत थंड गोदामांतील कामगार आणि मैदानावरील खेळाडू यांच्यासाठी तो प्रचारात आला. पुढे न्यूयॉर्कच्या हिप-हॉप संस्कृतीने तो उचलला आणि तेथून तो जगभरच्या तरुणांच्या अंगावर आला. पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहून कोणाला दरोडेखोर आठवत नाही. म्हणजे भीती डोके झाकण्यात नाही. ती कोणी, कुठे आणि कोणाच्या डोळ्यांदेखत डोके झाकले यात आहे.

इंग्लंडमध्ये ते 'कुठे' फार महत्त्वाचे होते. १९९३ साली बूटल येथील एका खरेदी-केंद्रातून दोन दहा वर्षांच्या मुलांनी दोन वर्षांच्या बालकाला हाताला धरून नेले आणि नंतर त्याची हत्या केली. केंद्रातील कॅमेऱ्याने टिपलेले त्या तिघांचे धूसर चित्र राष्ट्राच्या स्मृतीत कोरले गेले. त्यानंतर चौकाचौकांत कॅमेरे बसवण्याला जी गती आली, तिच्या मागे या चित्राचा मोठा वाटा आहे. मूल हेही गुन्हेगार असू शकते आणि कॅमेरा असला तर ते ओळखता येते, अशी दुहेरी समजूत तेव्हा दृढ झाली. कॅमेऱ्यावर विसंबलेल्या समाजात चेहरा न दाखवणे हाच संशयाचा पुरावा ठरू लागला. गमतीचा भाग हा की, ब्रिटनच्या अधिकृत गुन्हे-सर्वेक्षणानुसार गुन्ह्यांचे प्रमाण १९९५ मध्ये शिगेला पोहोचून नंतरच्या दशकात सातत्याने घटत गेले होते. हुडीची भीती वाढली ती गुन्हे उतरणीला लागले असताना.

हा प्रकार इंग्लंडला नवा नव्हता. पोशाखावरील तेथील निर्बंधांचा इतिहास पाहिला, तर त्यामागील भीती तीनदा रूप बदलताना दिसते.

पहिले रूप दर्जाचे. एलिझाबेथ राणीच्या १५७४ च्या फर्मानाने कोणत्या पायरीच्या माणसाने कोणते कापड, कोणता रंग, कोणती फर वापरावी हे ठरवून दिले. १५८२ मध्ये लंडनच्या नगरसभेने उमेदवारी करणाऱ्या कारागीर-पोरांसाठी वेगळे नियम केले : मालकाने दिलेले साधे कपडेच त्यांनी घालावेत, झालरी आणि भपका नको. तरुण कामगार आपल्या पायरीच्या वरचा दिसू लागला तर उद्या तो तसा वागूही लागेल, हे भय त्यामागे होते. हे दर्जाविषयक कायदे १६०४ मध्ये रद्द झाले.

दुसरे रूप ओळख लपवण्याचे. १७२३ मध्ये संमत झालेल्या 'ब्लॅक अ‍ॅक्ट'ने राखीव जंगलात, उद्यानात किंवा रस्त्यावर सशस्त्र आणि चेहरा काळा करून आढळणे हाच देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरवला. हरीण मारलेच पाहिजे असे नव्हते. विंडसर आणि वॉल्थम परिसरातील रहिवासी आपले जुने वनहक्क राखण्यासाठी तोंडाला काजळी फासून हरणांची शिकार करीत. त्यांच्या विरोधात हा कायदा आला आणि पाहता पाहता डझनावारी अन्य कृत्यांना लागू झाला. इ. पी. थॉम्पसन यांनी 'व्हिग्ज अँड हंटर्स' (१९७५) या ग्रंथात दाखवून दिले की, त्या कायद्याच्या केंद्रस्थानी मालमत्ता होती. सामायिक जमिनीवरचा हक्क कोणाचा, या वादात एका पक्षाने कायदा केला आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची काजळी गुन्हा ठरली. ब्लूवॉटरकडे येताना हा मुद्दा लक्षात ठेवावा लागेल.

तिसरे रूप तरुणाईचे. ते एकोणिसाव्या शतकातील महानगरांत घडले. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील आर्टफुल डॉजर आठवावा. हा पोरगेला खिसेकापू थोरल्या माणसाचा, टाचांपर्यंत लोंबणारा कोट घालून बाह्या दुमडून फिरतो. त्या वेशातच त्याचे चरित्र आहे : बालपण हरवलेले, मोठेपण उसने आणलेले. हे वाचकाला ओळखू येते, कारण महानगरात अनोळखी माणसाला कपड्यांवरून वाचण्याची सवय तोवर अंगवळणी पडली होती. कादंबरीकाराला ही सवय उपयोगाची असते. पोलीस आणि वृत्तपत्रे तीच वापरू लागली की तिचे परिणाम वेगळे होतात.

जुलै १८६२ मध्ये पिल्किंग्टन या संसद-सदस्याला लंडनच्या भर वस्तीत गळा आवळून लुटण्यात आले. वृत्तपत्रांनी 'गॅरट' लुटारूंची हाकाटी केली. त्यांची तुलना भारतातील ठगांशी झाली. १८३९ साली आलेल्या मेडोज टेलरच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'ने इंग्रज वाचकाला ती प्रतिमा आधीच पुरवली होती. १८६३ मध्ये अशा लुटारूंना फटक्यांची शिक्षा देणारा कायदा झाला. तोपर्यंत लाट ओसरलीही होती. परंतु 'सराईत गुन्हेगारांचा एक स्वतंत्र वर्ग असतो' ही कल्पना उरली. तिच्यातून इंग्लंडमध्ये १८६९ आणि १८७१ चे सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, आणि त्याच १८७१ मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा झाला. इंग्लंडमध्ये निदान एखादा अपराध सिद्ध झाल्यावर माणसावर पाळत बसे. येथे जन्म पुरेसा होता. तो कायदा हटून ऑगस्ट १९५२ मध्ये या जमाती विमुक्त झाल्या. मात्र शिक्का पुसायला कायदा रद्द होणे पुरत नाही, हे मराठी वाचकाला लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने (१९८७) सांगितलेच आहे. दोन्ही प्रकरणांची तीव्रता सारखी मानणे अन्यायाचे होईल. हुडी उतरवता येते, जात उतरवता येत नाही. तरीही, कृतीआधी माणूस ओळखण्याचा हव्यास दोन्हींत एकच आहे.

यानंतरची मालिका सर्वश्रुत आहे. १८९८ च्या ऑगस्टमधील सुट्टीच्या दंगामस्तीनंतर लंडनच्या वृत्तपत्रांनी 'हूलिगन' हा शब्द रूढ केला आणि त्याबरोबर त्याचा वेशही रंगवला : खाली पसरट होत जाणारी विजार, गळ्यात रुमाल, कमरेला जाड बकलाचा पट्टा. १९५० च्या दशकात 'टेडी बॉय' आला. त्याचा लांब कोट मुळात लंडनच्या उच्चभ्रू शिंप्यांनी श्रीमंत तरुणांसाठी पुनरुज्जीवित केलेला. कामगार-वस्तीतील पोरांनी तो अंगावर चढवताच श्रीमंतांनी सोडून दिला, आणि काही नृत्यगृहांच्या व चित्रपटगृहांच्या दारांवर या पोशाखाला मज्जाव करणाऱ्या पाट्या लागल्या. कोट तोच, आतला माणूस बदलला तशी त्याची प्रतिष्ठा गेली. १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन येथे 'मॉड' आणि 'रॉकर' तरुणांच्या हाणामारीची भडक वर्णने छापून आली. स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, प्रत्यक्ष नुकसान काही शे पौंडांचे होते. समाज आपल्या अस्वस्थतेला एक चेहरा, एक वेश शोधतो आणि मग त्या सैतानाविरुद्ध एकवटतो. या प्रक्रियेसाठी त्यांनी रूढ केलेली 'मॉरल पॅनिक' ही संज्ञा, म्हणजे नैतिक घबराट, आज सर्वत्र वापरली जाते. जेफ्री पिअर्सन यांनी 'हूलिगन'मध्ये (१९८३) याच धाग्याने शतकभर मागे जाऊन दाखवले की, प्रत्येक पिढीला तरुणांची शिस्त वीस वर्षांपूर्वीपर्यंत शाबूत होती असे वाटत आले आहे.

तर मग २००५ मध्ये नवे काय? केवळ 'इतिहासाची पुनरावृत्ती' म्हणून थांबलो तर खरी गोष्ट निसटते. ब्लॅक अ‍ॅक्ट कितीही क्रूर असला तरी तो संसदेने केलेला कायदा होता. आरोपीला न्यायालयापुढे उभे करावे लागे आणि साक्षीपुरावा होई. ब्लूवॉटरच्या आचारसंहितेला यांतले काहीच लागत नव्हते. मॉल ही खाजगी मालमत्ता आहे आणि तेथे येणारा प्रत्येक जण मालकाच्या गृहीत परवानगीने येतो. वेलिंगबरो गावाच्या मध्यवस्तीतील स्वान्सगेट केंद्राच्या मालकांनी काही तरुणांना, मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांना, कायमची प्रवेशबंदी केली, तेव्हा १९९५ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, मालक ही परवानगी केव्हाही, कारण न देता काढून घेऊ शकतो. वॉशिंग्टन या इंग्रजी गावाचे केंद्र सार्वजनिक महामंडळाने बांधले आणि पुढे खाजगी कंपनीला विकले. एका मैदानावरील बांधकामाविरुद्ध तेथे सह्या गोळा करू पाहणाऱ्या नागरिकांना मनाई झाली आणि २००३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही त्यांच्या विरोधात निकाल दिला. पूर्वी जो बाजार-चौक गावाचा होता तो मालकाचा झाला, आणि त्याबरोबर तेथे नुसते उभे राहण्याचा हक्कही मालकाच्या मर्जीवर गेला.

ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा तरुणासाठी हा बदल सर्वांत जड गेला. मैदान विकले गेले, क्लब बंद झाला, पावसापासून आडोसा देणारी जागा मॉलचीच उरली. आणि मॉलमध्ये खरेदी न करणारा माणूस मुळातच संशयास्पद. त्याच २००५ मध्ये वेल्समध्ये एक यंत्र दुकानाबाहेर बसवले गेले. 'मॉस्किटो' नावाचे हे यंत्र सुमारे १७ किलोहर्ट्झचा कर्कश आवाज काढते. वयानुसार श्रवणशक्ती घटत असल्यामुळे तो प्रौढांना सहसा ऐकू येत नाही, मुलांना असह्य होतो. येथे तर वेशाचाही प्रश्न उरला नाही. तरुण कान असणे पुरेसे झाले.

जुलै २००६ मध्ये विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरन यांनी एका भाषणात सांगितले की, हुडी अनेकदा हल्ला करण्यासाठी नसते, नजरेआड राहण्यासाठी असते. 'हुडीला मिठी मारा' हे शब्द त्यांनी उच्चारलेच नव्हते. ते प्रतिपक्षाने आणि वृत्तपत्रांनी त्यांच्या गळ्यात बांधले, आणि समजून घेण्याचा एक प्रयत्न विनोदात विरला. ऑगस्ट २०११ च्या दंगलींत हेच कॅमेरन पंतप्रधान होते आणि त्यांची भाषा निखळ दंडाची होती. पुढे २४ जुलै २०२० पासून महामारीमुळे इंग्लंडमधील दुकानांत चेहरा झाकणे सक्तीचे झाले. ज्या दालनांत झाकलेला चेहरा धोक्याचा मानला गेला, तेथे आता उघडा चेहरा धोक्याचा ठरला. झाकणे या कृतीला स्वतःचा अर्थ नसतो. तो देणारा कोण, हे पाहावे लागते.

भीती खोटी होती असे मात्र कोणी म्हणू नये. संध्याकाळच्या वेळी टोळक्याजवळून एकट्याने जाणाऱ्या वृद्धेच्या छातीतली धडधड खरीच असते, आणि तिला निर्भयपणे फिरता यावे ही अपेक्षा रास्त आहे. प्रश्न आहे तो त्या धडधडीचा निवाडा कसा करायचा, हा. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्येच त्याचे एक उत्तर आहे. रुमाल चोरला डॉजरने आणि त्याच्या साथीदाराने; पळाला म्हणून पकडला गेला ऑलिव्हर. चिडखोर न्यायाधीश त्याला तीन महिन्यांची सक्तमजुरी ठोठावूनही मोकळा होतो. इतक्यात पुस्तकांच्या दुकानाचा मालक धापा टाकत आत शिरतो आणि आपण काय पाहिले ते सांगतो. ते न्यायालय वाईट होते, न्यायाधीश त्याहून वाईट होता. तरी आत येऊन बोलता येईल असे एक दार तेथे होते. मॉलच्या आचारसंहितेत त्या पुस्तकविक्रेत्याला साक्ष द्यायला जागा नव्हती.