श्रोत्यांनी पुरे केलेले कीर्तन

गाडगे महाराजांच्या कीर्तनाला गेलेल्या माणसाला गप्प बसून चालत नसे. ‘बापहो’ म्हणत महाराज प्रश्न टाकत आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकत नसत. कर्ज काढून देवापुढे बकरे कापावे का? दारूने कोणाचे भले झाले? पोराला शाळेत घालायचे की नाही? गर्दी एका आवाजात उत्तर देई, मध्येच ‘गोपाला गोपाला’चा गजर उठे, की लगेच पुढचा प्रश्न.

नारदीय कीर्तनाला पूर्वरंग-उत्तररंगाची ठरलेली घडी असते, वारकरी कीर्तनात अभंगाचे निरूपण असते. बोलायचे बुवांनी, ऐकायचे लोकांनी. शेंडगावच्या परीट कुटुंबात 23 फेब्रुवारी 1876 रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांनी, म्हणजेच गाडगे महाराजांनी, शाळा पाहिली नव्हती. त्यांच्याजवळ होती वऱ्हाडी बोली आणि तुकोबांचे अभंग. 1905 मध्ये घर सोडल्यावर दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री तिथेच कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम झाला. सकाळी ज्यांच्या दारातला कचरा त्यांनी उचलला, तेच रात्री समोर बसलेले असत. अशा माणसाचा प्रश्न टाळणे सोपे नव्हते.

सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाण्याची बुडालेली नौका प्रसादाच्या महिम्याने वर येते. महाराज ती गोष्ट खुलवून सांगत आणि मग विचारत, महायुद्धात इतकी जहाजे बुडाली, ती पूजा घालून वर काढता येतील का? लोक हसत आणि ‘नाही’ म्हणत. निष्कर्ष महाराजांनी सांगितलेला नसे, तो लोकांच्याच तोंडून निघे. त्यांच्या कीर्तनाचे खरे बळ इथे आहे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही प्रवचन एकट्या धर्मोपदेशकाचे नसते. तो वाक्य टाकतो, मंडळी ‘आमेन’ म्हणून ते उचलतात, त्याचा स्वर चढत चढत गाण्याच्या जवळ जातो. गुलामगिरीत ज्यांना लिहा-वाचायलाही बंदी होती, त्यांनी ही रीत मुखोद्गत जपली. 5 डिसेंबर 1955 रोजी माँटगोमेरीतल्या होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग बोलले, तेव्हा लोकांच्या प्रतिसादातूनच वर्णभेद पाळणाऱ्या बससेवेवरचा बहिष्कार पुढे चालवायचे ठरले.

महाराजांचे अखेरचे कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 रोजी वांद्रे पोलीस ठाण्यात झाले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, हे मराठी माणसाचे भाग्यच. 20 डिसेंबरला वलगावजवळ महाराज गेले. माँटगोमेरीतला बहिष्कार संपला तोही याच दिवशी.

प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांनी महाराजांची चरित्रे लिहिली. दांडेकर तर काही काळ त्यांच्याबरोबर हिंडले होते. कीर्तनातला होकार नुसता तोंडचा राहिला नाही, हे या मंडळींनी जवळून पाहिले. लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. महाराजांनी त्यांतली एकही स्वतःची मानली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.