नकाशात वेळ कुठे दाखवायची?

इंग्रजांच्या काळात नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात सैन्याचा मोठा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत. या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. हंगाम हुकला की कित्येक महिने नुसते बसून राहायचे! त्यातूनच ‘देवळाली’चे ‘डूलॅली’ झाले आणि इंग्रजीला ‘वेडापिसा’साठी एक शब्द मिळाला.

अशा तळाच्या नकाशात बराक कुठे, पाणी कुठे हे दाखवता येते. पण कोण किती दिवस अडकणार, हे कसे दाखवणार?

बांधकामावरही हीच अडचण येते. आज जिथे सळ्यांचा ढीग आहे, तिथेच चार महिन्यांनी क्रेन उभी करायची असते. क्रेनच्या हाताखालून मजुरांची वाट गेली, तर चूक जिवावर बेतते.

१९७५ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी रेखाचित्रांऐवजी इमारतीचे वर्णनच संगणकात साठवण्याची कल्पना मांडली. आजचे ‘बिम’, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, ते याच वाटेने आले. लांबी, रुंदी, उंचीला वेळ जोडली की चौथी मिती, खर्च जोडला की पाचवी. २०१५ मध्ये काम सुरू झालेल्या नागपूर मेट्रोसाठी ही पाच मितींची पद्धत वापरली गेली.

मात्र मजुरांची वाट संगणकाला आपोआप सुचत नाही. ती कुणीतरी आठवणीने भरावी लागते.

स्नेहसंमेलनाच्या मैदानाचे दोन नकाशे मुलांकडून काढून घेऊ या : एक मंडप उभारतानाचा, दुसरा कार्यक्रमाच्या दिवसाचा. ते एकमेकांवर ठेवून उजेडात धरले, की कुठे काय आडवे येते ते मुलेच सांगतील.