हक्का म्हणजे पाहुणे

संध्याकाळी सातच्या सुमाराला आपल्याकडच्या कुठल्याही गावात एस.टी. स्टँडबाहेर उभे राहा. लाल रंगाची, वर 'चायनीज' असं ठळक लिहिलेली गाडी तुम्हाला दिसेलच. मोठ्या कढईखाली शेगडी भकभकत असते, कोबी-सिमला मिरचीचा ढीग रचलेला असतो आणि मागच्या पाटीवर पदार्थांची नावं असतात. त्यात एक नाव हमखास : हक्का नूडल्स. मी स्वतः वर्षानुवर्षं ते नूडल्स खाल्ले आहेत. पण हक्का म्हणजे काय, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला वाटायचं, असेल एखादी करण्याची पद्धत. तंदुरी असते तशी.

हक्का ही पद्धत नव्हे, ती माणसं आहेत, हे मला कळलं कोलकात्यात.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत तिकडे जाणं झालं. उतरलो होतो हाजरा रस्त्यावरच्या महाराष्ट्र निवासात. तिथल्या एकानं सांगितलं, "लवकर उठायची तयारी असेल तर टिरेट्टा बाजारात जाऊन या. पण आठनंतर जाल तर काही मिळणार नाही." म्हणून साडेपाचलाच निघालो. लालबाजारच्या पोलिस मुख्यालयाजवळ टॅक्सी सोडली आणि पोद्दार कोर्ट नावाच्या उंच कार्यालयी इमारतीच्या मागे वळलो. समोरच्या रस्त्याचं नाव होतं सुन यत्-सेन स्ट्रीट. आधुनिक चीनच्या पहिल्या प्रजासत्ताकाच्या नेत्याचं नाव कोलकात्यातल्या एका लहानशा रस्त्याला आहे.

धुकं होतं. फूटपाथवर भाजीवाले, मासळीवाले बसले होते आणि त्यांच्यामध्येच अॅल्युमिनियमच्या मोठाल्या चाळणीच्या भांड्यांतून वाफ निघत होती. आपल्या मोदकपात्राचे थोरले भाऊच म्हणा ना! झाकण उघडलं की आत पांढरेशुभ्र पाव, मोमो, शुमाई. शेजारी माशाच्या गोळ्यांचं गरम सूप. एका पाटीत सुकवलेल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची माळ. विकणारे काही चिनी, काही बंगाली, काही बिहारी. घेणारेही तसेच.

एका साठीच्या चिनी बाईंकडून मी पाव घेतला. त्या बंगालीत शेजारणीशी बोलत होत्या, माझ्याशी हिंदीत बोलल्या. मी अगदी सहज विचारलं, "आप कहाँ की हैं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा प्रश्न आपण विचारायला नको होता हे मला तिथल्या तिथे उमगलं. "इधर की. बहूबाजार की," त्या म्हणाल्या. "और आप?" मी म्हटलं, मुंबईचा. त्यावर हसून त्या म्हणाल्या, "तो मेहमान तो आप हुए!"

त्यांचं अगदी बरोबर होतं. कारण कोलकात्यातल्या चिनी वस्तीचा इतिहास सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, टाँग अछ्यू नावाचा एक चिनी व्यापारी इथे आला. कोलकात्याच्या दक्षिणेला, बजबजजवळ, हुगळीच्या काठी त्याला जमीन मिळाली. तिथे त्यानं उसाची लागवड केली, साखरेचा कारखाना काढला आणि कामाला चिनी माणसं आणली. बंगालीत साखरेला चिनी म्हणतात, तो शब्द या अछ्यूमुळे आला अशी एक लोककथा आहे. ती खरी नाही, शब्द त्याच्याहून कितीतरी जुना आहे. पण गावाला मात्र त्याचंच नाव मिळालं : अछिपूर. नदीकाठी त्याची घोड्याच्या नालेच्या आकाराची लाल समाधी आहे. चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातली कुटुंबं तिथे जातात, उदबत्त्या लावतात, आपल्या मूळपुरुषाला नैवेद्य दाखवतात.

कारखाना फार काळ टिकला नाही. माणसं कोलकात्याकडे सरकली. ज्या बाजारात ती वसली त्याला एदुआर्दो टिरेट्टा या इटालियन माणसाचं नाव होतं. कंपनी सरकारच्या काळात शहरातले रस्ते आणि इमारती यांवर देखरेख करणारा तो अधिकारी. इटालियनाच्या नावाच्या बाजारात, इंग्रजांच्या शहरात, बंगाली शेजाऱ्यांबरोबर चिनी वस्ती! पुढे चीनमध्ये दुष्काळ, बंडं आणि युद्धं झाली, तसतशी आणखी माणसं आली. प्रत्येक भागातल्या लोकांनी आपापला धंदा धरला. कँटनकडचे लोक सुतार. जहाजांच्या आणि घरांच्या लाकूडकामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हुपेई प्रांतातले दातांचे कारागीर. शान्तुंगकडचे रेशमी कापडाचे गठ्ठे पाठीवर टाकून गावोगाव फिरणारे फेरीवाले. आणि हक्का होते चर्मकार. बेंटिंक स्ट्रीटवर त्यांच्या बुटांच्या दुकानांची रांगच होती.

या वस्तीत फिरताना मला सर्वांत नवल वाटलं ते देवळांचं. कोलकात्यात त्यांना 'चर्च' म्हणतात. नाम सून चर्च, तूंग ऑन चर्च, सी इप चर्च. आत क्रूस नाही, येशू नाही. ख्रिस्ती नसलेल्यांच्या देवळालाही इंग्रजी अमदानीत 'चर्च' हा शब्द चिकटला तो चिकटलाच. छातावाला गल्लीतल्या १९०५ सालच्या सी इप देवळात मी जिना चढून वर गेलो. लाल-सोनेरी कोरीव लाकूड, उदबत्त्यांचा धूर, मधोमध करुणेची देवी क्वान यिन. चौरंगावर बांबूच्या नळीत क्रमांक घातलेल्या काड्या. मनात प्रश्न धरायचा, नळी हलवायची, जी काडी बाहेर पडेल तिच्या क्रमांकावरून उत्तर काढायचं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपण देवाला कौल लावतो, तेच हे.

पण ही नुसती देवळं नाहीत. नावांचा अर्थ विचारला तेव्हा ते ध्यानात आलं. सी इप म्हणजे चार परगणे, दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातले. नाम सून हेही तिकडच्याच दोन तालुक्यांच्या नावांतून झालेलं. म्हणजे हे एकेका मुलखातल्या लोकांचे संघ. बोटीवरून उतरलेला तरुण आधी आपल्या संघाच्या देवळात जायचा. तिथे त्याला गावचं माणूस भेटायचं, पाठ टेकायला जागा मिळायची, कामाची ओळख निघायची. आजारपणात मदत आणि मेल्यावर मूठमातीसुद्धा संघच द्यायचा. मुंबईत गोव्याच्या गावागावांचे 'कूड' असत, बोटीवर चढण्याआधी खलाशी तिथे राहत, आणि तिथेही भिंतीशी वेदी असे, अगदी तसंच. आणि खरं सांगायचं तर मी ज्या महाराष्ट्र निवासात उतरलो होतो, ते तरी वेगळं काय होतं?

गंमत म्हणजे याच चार परगण्यांच्या लोकांचं देऊळ आपल्या मुंबईतही आहे. माझगावात नवाब टँक रोडवरचं सी यप देऊळ, १९१९ सालचं. गोदीत आणि बोटींवर काम करणाऱ्या चिन्यांनी उभारलेलं. मी मुंबईचा असून ते मी कोलकात्याहून परतल्यावर पहिल्यांदा पाहिलं!

तूंग ऑन देवळाच्या लाल विटांच्या इमारतीत वर देव आणि खाली नानकिंग नावाचं हॉटेल होतं. १९२० च्या दशकात सुरू झालेलं हे हॉटेल एकेकाळी कोलकात्याची शान होतं. ते बंद होऊन आता कित्येक दशकं झाली. वर युद्धवीर क्वान ती मात्र आपल्या जागी आहे.

दुपारी मी शहराच्या पूर्व कडेला टँगऱ्याला गेलो. हा हक्का लोकांचा मुलूख. हक्का या शब्दाचा अर्थच 'पाहुणे लोक', म्हणजे बाहेरून येऊन वसलेले. चीनमध्येच ते शतकानुशतकं एका प्रांतातून दुसऱ्यात सरकत राहिले, आणि मूळच्या रहिवाशांनी दिलेलं हे नाव त्यांना चिकटलं. कोलकात्यात चामडं कमावण्याच्या कामाला उच्चवर्णीय हात लावत नसत. त्या विटाळानं मोकळी ठेवलेली जागा हक्कांनी घेतली. १९१० च्या सुमारास टँगऱ्याच्या दलदलीत त्यांनी चामड्याचे कारखाने उभे करायला सुरुवात केली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणामुळे कोलकात्यातले हे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. तेव्हा कित्येक कुटुंबांनी तिथेच हॉटेलं आणि सॉसचे धंदे वाढवले. आज लोक टँगऱ्याला जातात ते जेवायलाच. तिथे चिनी कालीमंदिरही आहे. चिनी आणि बंगाली दोघेही तिथे हात जोडतात, आणि प्रसादात नूडल्स असतात.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. खरं सांगायचं तर मीही इथपर्यंतचीच ऐकायला गेलो होतो. पण टँगऱ्यात अर्ध्या घरांची दारं बंद का, हे विचारलं आणि उत्तर आलं : बासष्ट.

१९६२ चं युद्ध आपल्या मनात हिमालयातलं आहे : बर्फ, अपुरे कपडे, लढता लढता पडलेले जवान. ते दुःख खरंच आहे. पण त्याच वर्षी मैदानात काय घडलं हे आपल्या पाठ्यपुस्तकांत नव्हतं. भारत संरक्षण वटहुकुमाच्या बळावर, नोव्हेंबरपासून, आसाम, दार्जिलिंग आणि कोलकाता अशा ठिकाणांहून चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसं उचलली गेली. त्यांत म्हातारे होते, शाळकरी मुलं होती, चीन कधी पाहिलाही नाही अशी माणसं होती. आसामातल्या लोकांना आगगाडीत घालून, कित्येक दिवसांच्या प्रवासानंतर, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेण्यात आलं. हीच ती जागा, जिथे इंग्रजांनी जयप्रकाश नारायणांना ठेवलं होतं. त्यांच्यावर खटला चालला नाही, कारण आरोपच नव्हता. चेहरा हाच गुन्हा. काहींना चीननं पाठवलेल्या जहाजांतून एका अनोळखी 'मायदेशी' धाडण्यात आलं. छावणीतली शेवटची माणसं सुटायला १९६७ उजाडलं. सुटून आलेल्यांपैकी अनेकांची घरं-दुकानं लिलावात गेली होती.

छावणीत न गेलेल्यांचीही सुटका नव्हती. पोलिसांकडे हजेरी द्यायची, शहराबाहेर जायला परवानगी काढायची. ज्या रस्त्यावर जन्म झाला, तिथेच परकं होऊन राहायचं.

वीस वर्षांपूर्वीच, १९४२ मध्ये, आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चिनी सैनिकांची शुश्रूषा करता करता तिकडे देह ठेवला होता. त्यांची आठवण चीननं जपली याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. पण आपल्या दारातल्या चिन्यांशी आपण कसे वागलो, याचीही आठवण आपण ठेवायला नको का?

मग लोक जाऊ लागले. कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी अमेरिकेला, सर्वांत जास्त कॅनडात, टोरांटोला. जाणकारांच्या अंदाजाप्रमाणे एकेकाळी कोलकात्यात वीस हजारांच्या घरात असलेली ही वस्ती आता दोन हजारांच्या आसपास आली आहे. १९६९ पासून निघणारं चिनी भाषेतलं दैनिक २०२० च्या टाळेबंदीत थांबलं. त्याच वर्षी मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा आणि छावणीतच जन्मलेल्या जॉय मा यांचं 'द देवलीवालाज्' हे इंग्रजी पुस्तक निघालं. त्याआधी रीता चौधरी यांनी 'माकाम' ही असमिया कादंबरी लिहिली होती. छावणीतून गेलेल्यांनी कॅनडात संघटना काढली आहे. त्यांचं मुख्य मागणं पैशाचं नाही. झालं ते चुकलं, एवढं सरकारनं म्हणावं, हे त्यांचं मागणं आहे.

माणसं गेली, पण त्यांचं जेवण देशभर पसरलं. नेल्सन वाँग हा कोलकात्यात जन्मलेला चिनी तरुण सत्तरच्या दशकात मुंबईला आला. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यानं कांदा, लसूण, आलं आणि हिरवी मिरची हा आपला नेहमीचा मसाला परतला, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. हेच ते चिकन मांचुरियन. आज ते गणपतीच्या मंडपाबाहेर कोबीचं होऊन मिळतं, आणि त्याच्याच शेजारी 'चायनीज भेळ'ही मिळते. चीनमध्ये या दोन्ही पदार्थांना कोणी ओळखणार नाही. ते इथलेच आहेत, बहूबाजारच्या त्या बाईंइतकेच.

परतल्यावर एका संध्याकाळी मी नेहमीच्या गाडीवर गेलो. गाडीवाला पोरगा बीडकडचा. त्याला विचारलं, "हक्का म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "काय की काका, पाटी आधीपासूनच आहे." मी त्याला सांगितलं, पाहुणे असा अर्थ आहे, आणि कोलकात्याची थोडी गोष्टही सांगितली. कढई हलवता हलवता तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे आमच्यासारखेच की. आम्ही बी इथं बाहेरूनच आलो."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)