चार अक्षरांत मावलेली चित्रं

मंडळी, या विकांताचा विषय आहे लायब्ररीचा कॅटलॉग. थांबा, पळू नका! दुसऱ्याने ठरवलेल्या फील्ड्समध्ये ज्यांनी एकदा तरी आपला डेटा कोंबलाय, त्यांना हे दुःख ओळखीचं वाटेल.

आधी थोडा इतिहास. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कार्डांवरच्या नोंदी कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलं. काम आलं हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांच्याकडे. बाई ग्रंथपाल नव्हत्या, चक्क प्रोग्रामर होत्या. त्यांच्या टीमने बनवलेला फॉरमॅट म्हणजे 'मार्क', मशीन-रीडेबल कॅटलॉगिंग. १९६९ पासून या नोंदी टेपवर इतर लायब्रऱ्यांना मिळू लागल्या आणि जगभर हा फॉरमॅट अजूनही चालतोय. आपल्यापैकी कुणाचा कोड पन्नास वर्षं टिकेल का हो? :-)

मार्कमध्ये ००८ नावाचं एक फील्ड असतं. बरोब्बर ४० कॅरॅक्टर्सचं. पुस्तकांच्या नोंदीत त्यातल्या १८ ते २१ या चार जागा चित्रांच्या. दर जागी एक अक्षर: साधी चित्रं 'ए', नकाशे 'बी', व्यक्तिचित्रं 'सी', वंशावळी 'जे', फोटो 'ओ'. संपलं. मेमरी महाग होती त्या काळात हे अगदी योग्य डिझाइन होतं. पण पुस्तकं काही स्कीमा वाचून छापली जात नाहीत, आणि मार्कच्या आधीची शेकडो वर्षांची पुस्तकं तर नाहीतच नाहीत.

आता एक पुस्तक घ्या. १८५६ साली स्कॉटलंडचे राजज्योतिषी (म्हणजे खगोलशास्त्रज्ञ, पत्रिका बघणारे नव्हेत) चार्ल्स पियाझी स्मिथ कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या डोंगरावर दुर्बीण घेऊन चढले. उंचावरच्या विरळ हवेतून आकाश जास्त स्वच्छ दिसतं का, ते त्यांना तपासायचं होतं. सोबत पत्नी जेसी आणि कॅमेरा. १८५८ साली त्यांचं 'टेनेरिफ' लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्यात २० चित्रं आहेत, आणि प्रत्येक चित्र म्हणजे शेजारीशेजारी चिकटवलेले दोन फोटो. किंचित वेगळ्या कोनांतून काढलेले. स्टिरिओस्कोपमधून बघितलं की दोन्ही एकत्र होतात आणि डोंगर अक्षरशः खोलीत उभा राहतो. स्टिरिओ फोटोंनी सजलेलं हे जगातलं पहिलं पुस्तक मानतात.

ही नुसती करमणूक नव्हती. दोन फोटो म्हणजे एकमेकांचे साक्षीदार. एका काचेवर डाग पडला तर तो दुसरीवर नसतो, म्हणजे आकाशातला ठिपका खरा की खोटा ते कळतं. आपल्या भाषेत रिडंडन्सी!

आता ००८ मध्ये काय लिहाल? 'ओ'. फोटो आहेत, खरंच आहे की! पण एखादं साधं अल्बमवजा पुस्तकही 'ओ' च. दोन डोळ्यांनी बघायची खास चित्रं आहेत, ही गोष्ट त्या अक्षरात मावतच नाही. ज्याला हे माहीत नाही, त्याला स्कॅनमध्ये एकच फोटो चुकून दोनदा आलाय असंच वाटेल.

दुसरं उदाहरण घरचं. १८५० च्या दशकात मुंबईत फोटोग्राफी करणाऱ्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींवर १८६३ आणि १८६६ साली दोन खंड काढले. खरेखुरे फोटो चिकटवलेले. पण त्यातल्या बऱ्याच चित्रांत गंमत आहे. माणसांचा फोटो वेगळा काढलाय आणि मागे दुसराच देखावा जोडलाय. फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधी! पोशाखांचा अभ्यास करणाऱ्याला त्याने फारसा फरक पडणार नाही. पण ही माणसं खरोखर त्या जागी उभी होती, असं धरून कुणी मुंबईचा इतिहास लिहायला बसला तर? नोंदीतला 'ओ' तिथेही तसाच ठाम.

मग इलाज काय? मार्कमध्येच आहे. ५०० हे मोकळ्या टिपेचं फील्ड आणि ६५५ हे प्रकार सांगणारं. ६५५ मध्ये ठरलेल्या शब्दसूचीतून 'स्टिरिओग्राफ' असा शब्द टाकता येतो, मग जगभरची अशी पुस्तकं एका सर्चमध्ये समोर येऊ शकतात. टीप जास्त बोलकी, पण ज्याचे त्याचे शब्द. एक जण 'दुहेरी फोटो' लिहील, दुसरा 'त्रिमितीय चित्रं'. सर्च बिचारा काय करणार!

अडचण तंत्राची कमी आणि माणसाच्या वेळेची जास्त आहे. 'ओ' टाकायला एक सेकंद पुरतो. ६५५ भरायला कुणीतरी पुस्तक हातात घ्यावं लागतं, पान उलटून फोटोचा सांधा ओळखावा लागतो. आणि दुर्मिळ पुस्तकांची कपाटं वाचकांना उघडी नसतात. चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागवायचं, आणि ते नाव कळणार कॅटलॉगमधूनच. तिथे नोंद नसेल तर पुस्तक कपाटात असूनही आपल्यापुरतं हरवलेलंच. जे सर्चमध्ये येत नाही ते जगातच नाही, ही सवय तर आपल्याच धंद्याने लोकांना लावलीये.

म्हणून पुढच्या वेळी एखादा फॉर्म डिझाइन करताना 'इतर' नावाचा रकाना उडवायचा मोह झाला, तर टेनेरिफचा डोंगर आठवा. आणि तो रकाना मन लावून भरणारा कुणी भेटला, तर त्याला एक चहा पाजा.

असो. भेटू पुढच्या विकांताला.