लहरींचा माग

अमेरिकेंत १९७० च्या आसपास घरोघर दिसूं लागलेला जुना रेडिओ-स्कॅनर आतां संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसला आहे. पोलिसांचे व अग्निशामक दलाचे संदेश ऐकण्यासाठीं तो वापरीत. प्रत्येक लहरीसाठीं त्यांत स्फटिकाचा स्वतंत्र तुकडा बसवावा लागे. यंत्र एकामागून एक लहर चाचपीत जाई, दर्शनी दिवे क्रमानें लुकलुकत, आणि कोणी बोलूं लागलें कीं तें तेथेंच थांबे. मोकळ्या लहरीवरील खरखर दाबण्यासाठीं निराळें बटण असे. मात्र ऐकणारा बोलणाऱ्याचा मित्र आहे कीं वैरी, याची यंत्राला पर्वा नसे. हें यंत्र जन्मण्यापूर्वीं हेंच काम माणसाचा हात आणि कान करीत. आणि त्यांतील धोका १९४२ सालीं मुंबईंत उघड झाला.

त्या वर्षीं ९ ऑगस्ट रोजीं राष्ट्रीय पुढारी पकडले गेले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. अशा वेळीं २७ ऑगस्टला गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटर लहरीवर, म्हणजे सेकंदास सुमारें ७१ लक्ष आंदोलनांवर, बोलूं लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर व चंद्रकांत झवेरी हे त्याचे चालक होते. राम मनोहर लोहिया व अच्युत पटवर्धन यांचें त्यांस पाठबळ होतें. यांपैकीं पटवर्धनांचा नाशिकशीं जुना ऋणानुबंध होता. १९३४ सालीं स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना ज्या राजबंद्यांच्या चर्चांतून नाशिकच्या तुरुंगांत आकारास आली, त्यांत जयप्रकाश नारायण व मिनू मसानी यांच्यासह तेहि होते.

लघुलहरी आकाशाच्या वरच्या थरावरून परावर्तित होतात. म्हणून सह्याद्रीची भिंत त्यांना अडवीत नाहीं. मुंबईचा शब्द घाटमाथ्यावरील गांवांपर्यंत जाऊं शकतो, तो यामुळेंच. परंतु श्रोत्यानें कांटा नेमका कोठें आणावा हें कळण्यासाठीं लहरीची लांबी जाहीर करावी लागे, आणि ती पोलिसांनाहि कळे. मग दोन ठिकाणांहून फिरत्या आकाशतारेनें ध्वनीची दिशा पाहावी, नकाशावर रेषा ओढाव्या, आणि त्या छेदतील तेथें शोध घ्यावा, अशी माग काढण्याची रीत होती. म्हणून चालक वारंवार बिऱ्हाड बदलीत. अखेर एका तंत्रज्ञानें दगा दिला, आणि १२ नोव्हेंबर रोजीं पोलिसांनीं केंद्रावर छापा घातला. उषाबाईंस चार वर्षांची सजा झाली. १९४६ सालीं त्या सुटल्या.

या प्रकरणांतील शेवटची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. आपलीं भाषणें लिहून जवळ बाळगणें चालकांस धोक्याचें होतें. सरकारी माणसांनीं मात्र तीं ऐकून, टिपून, दप्तरांत जपून ठेविलीं. हेतु पुरावा गोळा करण्याचा होता. पण त्या रेडिओवरून काय बोललें गेलें, हें आज आपणांस कळतें तें बव्हंशीं त्याच टिपणांवरून. जो कान आवाज बंद पाडण्यासाठीं लावला होता, त्यानेंच तो पुढील पिढ्यांसाठीं राखून ठेविला.